मनगटावरचं अत्तर, गुडघ्यावरचं तेल

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली छापला गेला. त्यात 'अतारी' नावाची एक छोटी नोंद आहे. अतारी म्हणजे अत्तर, उदबत्ती, दंतमंजन, कुंकू विकणारे मुसलमान किरकोळ व्यापारी. त्यांची संख्या सुमारे दोनशे, आणि वस्ती नागपूर, वर्धा आणि वऱ्हाडात. नोंदीत त्यांची आणखी दोन नावं दिली आहेत. एक 'बुकेकरी', म्हणजे बुक्का विकणारा. दुसरं 'गांधी', म्हणजे गंध विकणारा.

मी आर्वीचा. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. वर्धा जिल्हा आणि 'गांधी' हे दोन शब्द शेजारी आले की पुढे सेवाग्राम येणार, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण गांधीजी वर्ध्यात यायच्या वीस वर्षं आधी या जिल्ह्यात 'गांधी' म्हणजे पेटीत कुप्या घेऊन फिरणारा अत्तरवाला होता, हे वाचून मी थबकलो. या नोंदीचा धागा धरून मी वाचत गेलो. प्रश्न साधा होता. सुगंधी तेलाचा थेंब आपण मनगटालाच का लावतो?

हल्ली या प्रश्नाचं उत्तर बाटलीवरच छापलेलं असतं. लव्हेंडर, पेपरमिंट, रोज अशा 'इसेन्शियल ऑइल'च्या बोटभर रोल-ऑन बाटल्या आयटी पार्कातल्या दुकानांत मिळतात. 'पल्स पॉइंट्सवर लावा' अशी सूचना असते: मनगटाची आतली बाजू, कानामागे, मानेवर, कोपराच्या खोबणीत. जिथे नाडी लागते तिथे रक्त त्वचेच्या जवळून वाहतं, म्हणून तेल लवकर 'भिनतं' आणि ताण, डोकेदुखी, निद्रानाश पळतो, असं सांगितलं जातं. सोबत 'प्राचीन भारतीय परंपरा' हे शब्द बहुतेक वेळा असतातच.

आधी शरीराचं पाहू. त्वचा उबदार असली की तेल लवकर उडतं आणि वास पसरतो, इतपत खरं आहे. मनगट उघडं असतं, सारखं हलतं आणि नाकापर्यंत सहज नेता येतं, हेही खरं. पण त्वचेतून जे काही थोडंफार शोषलं जातं ते बारीक केशवाहिन्यांतून, आणि त्या सगळ्या अंगभर असतात. वैद्य बोटं ठेवतो ती धमनी रक्त पुढे वाहून नेणारी नळी आहे. बाहेरून लावलेलं तेल आत घेणारं दार ते नव्हे. नाडीवर लावलं म्हणून तेल औषध होत नाही. उलट नुसतं, न मिसळता लावलं तर काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात. गुलाबाच्या वासामागचं एक प्रमुख रसायन जिरॅनिऑल. युरोपात ते ॲलर्जी करू शकणाऱ्या सुगंधी द्रव्यांच्या यादीत आहे आणि ठरावीक प्रमाणापुढे ते लेबलवर लिहावं लागतं.

आता परंपरेचं. नाडीपरीक्षा म्हणजे आयुर्वेदाचा आत्मा असं आपण धरून चालतो. पण चरक आणि सुश्रुत संहितांमध्ये आज ओळखीची असलेली मनगटावरची नाडीपरीक्षा नाही. तिचं स्पष्ट वर्णन पहिल्यांदा मिळतं ते शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. सुगंधाची विद्या मात्र त्याहून बरीच जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर वेगळा अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजचा बराचसा महाराष्ट्र होता, त्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत.

मराठीचाही यात वाटा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात सुगंधशास्त्राच्या एका दुर्मीळ हस्तलिखितावर लेख लिहिले. त्यात दोन ग्रंथ होते: गंगाधराचा 'गंधसार' आणि कर्त्याचं नाव नसलेला 'गंधवाद'. यातल्या गंधवादावरची टीका मराठीत आहे. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने हे ग्रंथ छापले. म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी बसून, सुगंध कसे बनवावेत हे मराठीत समजावून सांगत होतं. आपल्या साहित्याच्या इतिहासात या टीकाकाराला ओळही मिळत नाही.

या जुन्या विद्येत सुगंध असतो तो उटणं, लेप, चूर्ण, धूप आणि वासाचं तेल या रूपांत. चंदनाचा लेप अंगभर लावायचा, केसांना तेल चोळायचं, कपडे धुरी देऊन वासवायचे. टिळा, बुक्का, गळ्याला गंध या ठरलेल्या जागाही होत्या, पण त्या देवाच्या आणि संप्रदायाच्या खुणा होत्या. त्यांचा नाडीशी संबंध नव्हता.

मग सुगंध अंगभर लेपावरून एका थेंबावर कधी आला? मला वाटतं, याचं उत्तर ऊर्ध्वपातनात आहे. फुलं पाण्यात उकळून वाफ चंदनाच्या तेलात उतरवली की शेकडो फुलांचा वास चमचाभर द्रवात मावतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचं श्रेय नूरजहाँची आई अस्मत बेगम हिला दिलं आहे. गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग तिने वेगळा केला. श्रेय कुणाचंही असो, असा तवंग महाग आणि तीव्र असतो. तो अंगभर फासता येत नाही आणि फासायची गरजही नसते. त्याला कुपी लागते, काडी लागते, कापसाचा फाया लागतो. फाया कानाच्या पाळीवरच्या घडीत बसतो आणि काडी हाताला लागते. 'ठिपका' तंत्रज्ञानातून आला, त्याचं कारण नाडीत शोधण्याची गरज नाही.

ठिपका आला की आणखी एक गोष्ट शक्य होते. लेप माणूस स्वतःला लावतो किंवा सेवक लावतो. थेंब मात्र यजमान पाहुण्याला देऊ शकतो. तो मोजता येतो, क्रमाने देता येतो आणि टाळताही येतो.

मराठ्यांच्या दरबारात अत्तर-गुलाब आणि विडे दिले की भेट संपली असं समजायचं. वर्धा तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात गेले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा झालं. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला गेला. राज्य गेलं, पण अत्तर-पान गेलं नाही. इंग्रजांनी ते आपल्या दरबारांत उचललं आणि त्याचे नियम केले. कुणाला खुद्द मोठा साहेब अत्तर-पान देणार, कुणाला त्याच्या हाताखालचा अधिकारी, हे पाहुण्याच्या दर्जावर ठरे. मनगटाला लागलेल्या वासापेक्षा तो लावणारा हात कुणाचा, याला किंमत होती.

तोच शिष्टाचार घरात हळदीकुंकवाला येतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आर्वीत आमच्या आळीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असे. हळद, कुंकू, हाताच्या पालथ्या बाजूला अत्तराची काडी, वरून गुलाबदाणीतलं पाणी, मग तिळगूळ आणि वाण. मोठे बाबा गेले त्या वर्षी मोठी आई आतल्या खोलीत तीळ निवडत बसलेली मला आठवते. तिला कुणी 'बाहेर येऊ नको' म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजच नव्हती. अत्तरदाणी घेऊन माझी आई बैठकीतल्या बायकांपुढे एकेक करत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वळली. मोठी आई आईला 'फुलवाती करायच्या राहिल्या का गं' एवढंच म्हणाली. विधवेने फुलं, सुगंध, विडा वर्ज्य करावा हा धर्मशास्त्रातला नियम आमच्या घरात कुणी वाचलेला नव्हता. तो अत्तरदाणीच्या वाटेत होता.

आता हे अत्तर जिथून येतं त्या टोकाकडे जाऊ. कारण गुलाबाच्या वासाची एक वाट आमच्याच डोंगरांतून जाते.

आर्वी, आष्टी, कारंजा या आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याचे उतरते डोंगर आहेत. पावसाळा सरता सरता तिथे आणि सगळ्या विदर्भातच, मेळघाटापर्यंत, कमरेएवढं गवत वाढतं. आमच्याकडे त्याला तिखाडी म्हणतात, खानदेशात रोशा. पान चुरगळलं की आधी गुलाबासारखा आणि मागून किंचित आल्यासारखा वास येतो. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौच्या ला मार्टिनियर शाळेचा संस्थापक जनरल क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या मोहिमेत घाटावरच्या प्रदेशात जनावरं हे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधामांसालाही त्याचा वास येतो, हे त्याने पाहिलं. बी लखनौला नेऊन लावलं आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गपर्यंत पोचवलं. रॉक्सबर्गने गवताला त्याचं नाव दिलं. ज्या गुराख्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्यांचं नाव कुठे लागण्याचा प्रश्नच नव्हता.

या गवताच्या दोन जाती. कोरड्या उतारावर विरळ उगवते ती मोतिया, तिचं तेल उंची. ओलसर जागी दाट वाढते ती सोफिया, तिचं तेल हलकं. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड, बैतूल, एलिचपूर, अमरावती या पट्ट्यात याच्या भट्ट्या लागत. गवत फुलावर आलं की पावसाळ्याअखेर कापायचं आणि ओढ्याच्या काठीच भट्टी मांडायची. मोठ्या देगेत गवत आणि पाणी, तोंड मातीने लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेलं. वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. भट्टी ओढ्याकाठी असायची कारण थंड पाण्याशिवाय वाफ तेल होत नाही, आणि गवत वाहून गावात आणण्यापेक्षा तेल वाहून नेणं सोपं.

हे तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर, आणि पुढे इस्तंबूलला. युरोपच्या बाजारात त्याचं एक नाव 'निमार ऑइल' होतं, तुर्की नाव 'इद्रिस यागी'. फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ मधल्या औषधिद्रव्यांच्या ग्रंथात या व्यापाराची माहिती आहे. तुर्कस्तानात हे तेल लिंबाचा रस आणि पाणी घालून घुसळत, उन्हात ठेवून निवळत, आणि मग गुलाबाच्या तेलात मिसळत. तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेलं, आज बल्गेरियात असलेलं काझानलाक हे जगातल्या गुलाबतेलाचं मोठं केंद्र होतं. तिथून पॅरिस-लंडनला जाणाऱ्या महागड्या कुप्यांत सातपुड्याचं गवत असे. फार मिसळताही येत नसे, कारण खरं गुलाबतेल थंडीत थिजतं आणि गवताचं थिजत नाही. खरेदीदार बाटली गार करून पाहत. भेसळ करणारा आणि पकडणारा, दोघांनाही आपापलं रसायनशास्त्र बरं कळत होतं.

१८७१ साली ऑस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. त्याला जिरॅनिऑल म्हणतात. गुलाबाच्या वासात ते असतंच, पण पहिल्यांदा हाती लागलं ते गवतातून. मोतिया तेलात ते साधारण तीन-चतुर्थांशापासून नऊ-दशांशापर्यंत असतं. तेव्हापासून आजतागायत स्वस्त 'गुलाब' हवा असेल, साबणात, उदबत्तीत किंवा अत्तरात, तर पामरोझा म्हणजे आमची तिखाडी किंवा तिच्यातलं जिरॅनिऑल वापरणं ही नेहमीची गोष्ट आहे. आमच्या आळीतल्या अत्तरदाणीत काय होतं हे मी तपासलेलं नाही. पण दहा-वीस रुपयांच्या कुपीत काझानलाकचा गुलाब नक्कीच नव्हता.

आणि डोंगरात? तिथे हे तेल मनगटाला कुणी लावत नसे. ते गुडघ्याला, कमरेला चोळत. रोशा तेलाचा त्या काळच्या औषधिग्रंथांतला मुख्य उपयोग हाच आहे: संधिवात, लचक, अंगदुखी. ते त्वचेवर ऊब आणतं आणि दुखण्यावरून लक्ष काढतं. म्हणजे एकाच देगेतलं तेल. एका टोकाला राजाच्या, साहेबाच्या, सवाष्णीच्या हातावर ठिपका म्हणून, तेही गुलाबाच्या नावाने. दुसऱ्या टोकाला दिवसभर उतारावर वाकून गवत कापणाऱ्याच्या गुडघ्यावर, स्वतःच्या नावाने. डोंगर राखीव जंगलात गेले, गवताचे ठेके लिलावात निघू लागले. ज्यांच्या पायाखाली ते उगवत होतं ती माणसं आता ठेकेदाराची मजूर झाली. शरीराच्या कोणत्या जागी कोणतं तेल लागतं, यावरून त्या शरीराचं काम ओळखता येतं.

याच जिल्ह्यात पुढे दुसरा गांधी आला. आत्मकथेत त्याने आपलं घराणं मुळात किराणा विकणाऱ्यांचं असावं असं लिहिलं आहे. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं केंद्र वर्ध्याची मगनवाडी झालं. तिथे जे. सी. कुमारप्पा होते, आणि तेलघाणीवर वर्षानुवर्षं प्रयोग करणारे झवेरभाई पटेल होते. त्यांनी सुधारलेली घाणी देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. घाणी म्हटलं की आपल्याला फोडणीचं तेल आठवतं. पण आपल्याकडचं फुलेल घाणीतूनच यायचं. तिळावर मोगऱ्या-चमेलीच्या फुलांचे थर द्यायचे, फुलं बदलत राहायची, तीळ वास पिऊन घेत, आणि मग ते गाळायचे. कुपीतला थेंब परवडत नसे त्यांच्या केसांत हा वास असे. मगनवाडीला मात्र फुलेलाशी कर्तव्य नव्हतं. तिथला प्रश्न होता गिरणीच्या तेलापुढे गावातला तेली कसा टिकेल हा. सुगंध ही चैन होती आणि आश्रमाला चैन मान्य नव्हती.

तरीही तेल आणि स्पर्श यांच्या या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सेवाग्रामलाच घडली. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या वेळचे कैदी. त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. आश्रमात त्यांना झोपडी बांधून दिली गेली. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा पाहत आणि अंगाला मालिश करत. त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं होतं. तेव्हा सल्फोनची औषधं यायची होती. या रोगावर जे काही होतं ते मुख्यतः चालमुग्रा नावाचं बियांचं तेल. ते टोचत, पाजत आणि चोळत. त्याला धड वास नव्हता आणि गुणही बेताचाच होता.

कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात. बोटं, मनगट, कोपर इथली संवेदना जाते. नाडी चालू असते, पण तिच्यावर ठेवलेलं बोट रुग्णाला कळतही नाही. अशा हाताला तेल चोळणाऱ्याला 'पल्स पॉइंट'चं शास्त्र काही सांगू शकत नाही. अत्तरदाणीचा नियम मात्र तिथे उलटा झालेला दिसतो. अत्तरदाणी ठरलेल्या माणसांपुढे थांबायची आणि काहींच्या आधी वळायची. इथे ज्याच्यापासून सगळे वळत होते त्याच्यापाशी एक माणूस रोज थांबत होता. बरं होण्यात तेलाचा वाटा किती आणि त्या थांबण्याचा किती, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण बाटलीवर ज्याला परंपरा म्हणतात तिच्यात खरंच काही काम करणारं असेल, तर ते या दुसऱ्या बाजूला असावं असं मला वाटतं.

तिखाडीची गोष्ट अजून चालू आहे. विज्ञान आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमध्ये पामरोझा आणि लेमनग्रास ही विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी सुचवलेली पिकं आहेत. पाणी कमी लागतं आणि एकदा लावलं की काही वर्षं कापणी मिळते. कपाशीने ज्यांना रडवलं त्यांना यातून दोन पैसे मिळाले तर ते मला हवंच आहे. ऊर्ध्वपातनाची टाकी आता स्टीलची असते आणि ओढ्याऐवजी कंडेन्सर असतो. पण तेलाचा भाव बांधावर ठरत नाही, तो अजूनही दूर कुठेतरी ठरतो, आणि बाटलीवर 'रोज'चं चित्र असतं. कापणीच्या दिवसांत कारंज्याकडच्या डोंगरउतारावर गेलं तर वारा वाहील त्या बाजूला हा वास असतो. तो घ्यायला मनगट लागत नाही आणि कुणी अत्तरदाणी पुढे करावी लागत नाही.